डावीकडे ओढणारी व्हॅन

आमच्या शाळेच्या व्हॅनमध्ये नऊ मुलं बसतात. दहावं बसवा म्हणून किती पालकांनी गळ घातली, पण आईने कधी बसवलं नाही. परवान्यावर आकडा लिहिलाय तो पाळायला लिहिलाय, असं ती म्हणते. ती मूळची कोन गावची, आगरी घरातली. सातवीपर्यंत शिकली आणि चाळिशीला टेकल्यावर गाडी शिकली, कारण बाबांची पाठ लोखंड बाजारात ओझी उचलून कायमची गेली होती. सहा वर्षं ती कळंबोलीत मुलं घेते आणि पनवेलला शाळेत सोडते. या सहा वर्षांत तिच्या गाडीला साधा ओरखडा नाही.

म्हणून गेल्या दिवाळीच्या तोंडावर जे झालं ते तिला फार लागलं.

दुसरीतल्या एका मुलीचे वडील संध्याकाळी घरी आले. चप्पल दारात काढून उभेच राहिले.

"वहिनी, राग मानू नका. पोरगी म्हणते, मावशी गाडी सरळ नेतात पण स्टिअरिंग वाकडं धरतात. काल मी मुद्दाम बाइकवरून मागे मागे आलो. गाडी डावीकडे पळते. तुम्ही तिला ओढून आणता."

"पळते," आई म्हणाली. "पंधरा दिस झालं. माहीत हाय मला."

"मग?"

"उद्यापासून सुट्टी लागते. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तुमी माझ्या शेजारी बसा. सरळ रस्त्यावर मी हात सोडीन. गेली डावीकडं, तर मी सोता तुमाला दुसरी व्हॅन बघून देईन. तुमालाच नाय, नऊच्या नऊ पोरांना."

ते मान हलवून गेले. आतल्या खोलीतून बाबा म्हणाले, "डावीकडे जाते त्यात वाईट काय? मी जन्मभर तिकडेच गेलो." कोणी हसलं नाही.

बाबा माथाडी होते आणि बाजारातली युनियनची पत्रकं तेच लिहायचे. मी अक्षरओळख शाळेत शिकले, पण वाचायला शिकले ती पत्रकांवर. पाठकोऱ्या पत्रकांवर माझी गणितं व्हायची. जेवताना पुढ्यात पत्रक, डब्याला गुंडाळलेलं पत्रक. बाबांचा एक नियम होता: पत्रक खालून वाचायचं. आधी खाली बघायचं, छापलं कोणी, सही कोणाची, मागणी काय. मग वरची गर्जना. "ज्याच्या खाली नाव नाही ते चुलीत," ते म्हणायचे. आणि दुसरा नियम: आपलं काम आपल्या हाताने करायचं. तो त्यांनी कधी लिहिला नाही, पण घरात तो भिंतीवर लिहिल्यासारखा होता.

या दुसऱ्या नियमापायी आदल्या वर्षी मी व्हॅनचा डावा लोअर आर्म स्वतः बदलला होता. हा आर्म म्हणजे पुढच्या चाकाला खालून धरून ठेवणारा लोखंडी हात. तो गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेला असतो तिथे रबराचा बुश असतो, म्हणजे चाक वरखाली झालं तरी दणका आत येत नाही. मी जॅक लावला, चाक काढलं, नवा आर्म बसवला, बोल्ट अंगातला सगळा जोर लावून आवळले. आईने शेजारणींना बोलावून दाखवलं. गॅरेजवाल्यांच्या दारात उभं राहायची गरज नाही, असं मी दोन-तीन जणींना ऐकवलंही.

सुट्टीच्या पहिल्याच दिवशी आम्ही पळस्प्याच्या रस्त्यावरच्या एका अलाइनमेंटच्या दुकानात गेलो. तिथे चाकांना चार पाट्या चिकटवतात, समोर पडद्यावर लाल-हिरव्या रेषा दिसतात. ऑपरेटर तरुण होता, घाईत होता, मागे पाच गाड्या उभ्या. त्याने गाडीखाली जाऊन दोन पाने फिरवले. मी बघत होते त्या लाल रेषा हिरव्या झाल्या. त्याने कागद छापला, त्यावर पेनाने काहीतरी खरडलं आणि माझ्या हातात दिला.

"खाली लिहिलंय ताई, बघून घ्या," म्हणाला आणि पुढच्या गाडीला हात केला.

मला वाटलं, पुढच्या सर्व्हिसची तारीख असणार. कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

परत येताना आईने उड्डाणपुलाखालच्या सरळ पट्ट्यावर हात सैल सोडले. गाडी डावीकडे निघाली. जरा कमी, पण निघाली.

"आता काय रं देवा," आई एवढंच म्हणाली. ती देवाला हाक मारते तेव्हा तिला खरंच भीती वाटत असते, हे मला ठाऊक आहे. त्या क्षणी मला राग आला आणि तो राग मला ओळखीचा होता. माणसं यंत्राच्या पडद्याआड लपतात. हिरवी रेषा दाखवली की गिऱ्हाइकाने तोंड बंद करायचं. ज्याला वाचता येतं त्याने तरी का बंद करावं?

घरी येऊन मी पर्समधला तोच कागद काढला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. मथळा दिला: "हिरव्या रेषांची फसवणूक". तीन परिच्छेद एका बैठकीत झाले. या रस्त्यावर रोज किती शाळेच्या गाड्या जातात, त्यांच्या चाकांशी कोण खेळतं, गप्प बसणारे पालक किती दोषी. चांगलं लिहिलं होतं. आजही मला त्यातलं एक वाक्य आवडतं, पण ते इथे देणार नाही.

बाबांनी वाचलं. त्यांनी आधी खाली बघितलं. तिथे मी "एक जागरूक नागरिक" असं लिहिलं होतं.

"नाव?"

"नंतर घालू."

"पुरावा?"

"गाडी डावीकडे जाते हाच पुरावा."

"गाडी डावीकडे जाते हे दुःख आहे. पुरावा मोजलेला असतो," बाबा म्हणाले. "आम्ही मालकावर आरोप करायच्या आधी काटा घेऊन गोणी वजन करायचो. त्या माणसाने काम चुकवलंय ना? मग किती चुकवलंय ते मोजून आण. मी स्वतः वाटेन तुझं पत्रक, काठी टेकत."

मोजायचं कोणाकडे, तर चाचांकडे. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलमागे त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. चाचा पनवेलचे कोकणी मुसलमान, सत्तरीतले. उमेदीची वर्षं आखातात मोठ्या ट्रेलरांच्या चाकांखाली काढून परत आलेले. बाबांच्या वेळचे ट्रकवाले अजून त्यांच्याकडेच चाकं सरळ करून घेतात. त्यांच्याकडे पडदा नाही. दोरा आहे.

"कंप्यूटर खोटा बोलला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. "कंप्यूटर खोटं बोलत नाय बेटी. त्याला जितकं विचारशील तितकं सांगतो. बघू या, तसल्ली करू."

त्यांनी चार लोखंडी घोडे, म्हणजे उभे स्टँड, मांडले आणि गाडीच्या दोन्ही अंगांनी गळाची तंगूस ताणली, मासे धरायची ती नायलॉनची बारीक दोरी. मागच्या चाकांपासून दोन्हीकडे सारखं अंतर धरून. स्टिअरिंग सुतळीने सीटला बांधलं. मग माझ्या हातात पोलादी पट्टी दिली.

"पुढच्या रिमची पुढची कड दोऱ्यापासून किती, मागची कड किती. दोन्ही बाजूंनी माप. माझ्यावर भरवसा ठेवू नको. तू पुरावा घ्यायला आलीस ना?"

मी गुडघ्यांवर बसून मापलं. आई वहीत आकडे लिहीत होती. चाचा सांगत गेले, तशा त्या तीन गोष्टी मला समजत गेल्या ज्यांची नावं मी आजवर नुसती दुकानांच्या पाट्यांवर वाचली होती. पहिली टो. माणूस पावलं आत वळवून चालतो किंवा फेंगडा चालतो, तसं चाकाचं. वरून बघायचं. ती बिघडली की टायर रस्त्यावर घासत जातो, खोडरबरासारखा. दुसरी कॅम्बर. समोरून बघायचं, चाक उभं आहे की झुकलंय. त्यासाठी चाचांनी गवंड्याचा ओळंबा काढला आणि टायरशेजारी धरला. दोन्ही चाकं जवळजवळ उभी होती.

माझ्या आकड्यांवरून टो निघाली. दोन्हीकडे सारखी, हवी तेवढीच.

"तुझ्या त्या पोराने टाय रॉड, चाकं वळवणारा दांडा, चोख लावलाय," चाचा म्हणाले.

"मग गाडी जाते कशी?"

"तिसरी चीज राहिली. सायकल चालवलीस कधी हात सोडून?"

"लहानपणी. रोज."

"पडत का नव्हतीस?"

आई म्हणाली, "पडायची ना. दोन दात गेलं हिचं."

चाचा हसले. "सायकलीचा पुढचा चिमटा बघ. उभा नसतो, तिरका असतो, खालून पुढे सरकलेला. त्या तिरकेपणाने चाक आपसूक सरळ येतं. गाडीच्या चाकालाही तसाच तिरकेपणा असतो, त्याला कास्टर म्हणतात. एका बाजूचा कमी झाला, की गाडी त्या बाजूला जाते. आता मागच्या चाकाच्या मधून ओळंबा सोड, खाली खडूने खूण कर. पुढच्या चाकाचंही तसंच. दोन खुणांमध्ये किती अंतर?"

उजव्या बाजूला मापलं. डाव्या बाजूला मापलं. पुन्हा मापलं. डावी बाजू करंगळीभर कमी भरली. आमच्या गाडीचं डावं चाक मागे सरकलेलं होतं. इतके दिवस मी त्या चाकाशेजारून रोज जात होते आणि ते मला दिसलं नव्हतं.

चाचांनी खाली शिरून टॉमी, म्हणजे लांब पहार, लावली आणि आर्म ढकलला. तो चाकासकट हलला. हलू नये इतका हलला.

"बुश फाटलाय. कागद दाखव तो."

मी पर्समधून कागद काढला. माझा मजकूर वर आलेला होता, म्हणून घाईने उलटा केला. चाचांनी चष्मा लावला आणि सरळ खाली बोट ठेवलं. तिथे पेनाने लिहिलं होतं: डावा आर्म बुश ढिला. बदलून परत आणा, तोवर ओढणार. वर कास्टरच्या रकान्यात डाव्या बाजूचा आकडा लालच होता. त्याला कोणी हिरवं केलं नव्हतं. त्याला हिरवं करायचा पाना त्या दुकानात नसतोच, या गाडीत ते असं फिरवून लागतही नाही.

आई कागद बघत राहिली. मग म्हणाली, "बाप बोलतो खालून वाचा. हिनं मागून लिवलं."

चाचांनी मला गाडीखाली बोलावून बुशवर बॅटरी मारली. रबर एका बाजूला पिळून चिरलं होतं. "वर्षाच्या आत असं होत नाय. कोणी बसवला होता?"

"मी."

"बोल्ट आवळले तेव्हा चाक हवेत होतं?"

"जॅकवर होतं."

"तिथे गलत झालं. चाक लटकत असताना आर्म खाली पडलेला असतो. तू रबराला तिथेच बांधून टाकलंस. गाडी जमिनीवर आली, आर्म वर गेला, रबर तेव्हापासून पिळलेलंच. रोज, नऊ पोरांचं वजन घेऊन. बोल्ट नुसते लावायचे, गाडी खाली सोडायची, वजन येऊ द्यायचं, मग आवळायचं."

ज्या फसवणुकीविरुद्ध मी तीन परिच्छेद लिहिले होते, तिचा बोल्ट माझ्या हाताने आवळलेला होता. पाच गाड्या मागे उभ्या असताना त्या ऑपरेटरने ओळखीपाळखीविना जे लिहून दिलं, ते वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. आणि या गाडीत रोज मुलं बसत होती. हे मी आज शांतपणे लिहिते आहे, तेव्हा शांत नव्हते.

"नवा आणते," मी म्हणाले.

"दोन आण. जोडीने बदलायचे. आणि उद्या वजन घेऊन या. तुमच्या गाडीचं खरं वजन रिकाम्या गाडीत नाय, पोरं बसल्यावर आहे. तेवढं वजन टाकून बोल्ट आवळायचे. अन् आवळणार तूच."

घरी आल्यावर वजनाचा प्रश्न निघाला. नऊ मुलांच्या वजनाचं घरात काय आहे? आईने वर माळ्याकडे बघितलं. तिथे बाबांच्या जुन्या पत्रकांचे गठ्ठे होते, सुतळीने बांधलेले. वीस वर्षं ती ते रद्दीत घालायला टपलेली होती.

"हात लावायचा नाही," बाबा म्हणाले.

"रद्दीला नाय नेत. गॅरेजला नेते. येतील परत."

"नक्की?"

"तुमी पण चला. तुमचं पण वजन हाय, दोन पोरांयेवढं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं आणि चौदा गठ्ठे चाचांकडे पोचलो. जुने आर्म निघाले, नवे लागले, बोल्ट हातानेच फिरवून ठेवले. गाडी जमिनीवर आली. मग प्रत्येक सीटवर गठ्ठे रचले. बाबा मधल्या सीटवर पाठीला उशी लावून बसले आणि गठ्ठ्यांतली पत्रकं चाळू लागले. गाडी खाली बसली, तशी ती रोज सकाळी शेवटचं मूल चढल्यावर बसते. चाचांनी पुढचा एक कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. "शॉकअप चांगले आहेत. दोन-तीनदा डुलली असती तर तेही गेले असते." दुसरा कोपरा त्यांनी मला दाबायला लावला.

मग मी गाडीखाली झोपले आणि बोल्ट आवळले. आदल्या वर्षीपेक्षा कमी जोराने. चाचांनी सांगितलं तिथे थांबले. वरून बाबांचा आवाज येत होता, कुठल्या तरी जुन्या सभेचं पत्रक ते आईला वाचून दाखवत होते आणि आई म्हणत होती, "हलू नका, वजन हलतंय."

दोरा पुन्हा ताणला. खडूच्या खुणा पुन्हा केल्या. दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आलं. आता टो बदलली होती, कारण चाक आपल्या जागी गेलं होतं. चाचा ती लावून देऊ शकत होते. दोऱ्यावर त्यांनी आयुष्यभर लावली. पण ते म्हणाले, "ज्याने कागद दिलाय त्याच्याकडे जा. त्याचं अर्धं काम बाकी आहे. आणि तुझंही."

मला जायचं नव्हतं. मी गेले.

ऑपरेटरने गाडी ओळखली. "बदललात? मी लिहिलेलं."

"मी वाचलं नव्हतं," मी म्हणाले. "वाचायच्या आधीच तुमच्याविरुद्ध पत्रक लिहिलं. याच कागदाच्या मागे." कागद त्याला दिला. त्याने सगळं वाचलं. मला वाटलं ओरडेल.

"अक्षर चांगलंय तुमचं," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा."

"पण एक सांगते. तुम्ही लिहिता ते कोपऱ्यात आणि घाईत. गिऱ्हाईक हिरवं बघतं आणि निघून जातं. कागदावर लाल राहिलंय हे तोंडाने सांगायला पाहिजे. मोठ्याने."

"ताई, मी सांगितलेलं."

"'खाली लिहिलंय' म्हणालात. 'चाक ढिलं आहे' म्हणाला नाहीत."

त्याने कागद घडी करून मला परत दिला. मग पाट्या चाकांना लावता लावता म्हणाला, "ते बरोबर आहे." त्या दिवशी माझ्यानंतरच्या गाडीवाल्याला त्याने काय लाल आहे ते मोठ्याने सांगितलं. मी तिथेच उभी होते, म्हणून असेल. असू दे.

त्यानंतर मी पत्रक लिहिलं. नवं, अर्ध्या पानाचं. शाळेच्या गाड्या चालवणाऱ्यांसाठी. गाडी एका बाजूला ओढत असेल तर फक्त हिरव्या रेषेवर समाधान मानू नका. कागद खालून वाचा. आर्म बदललात तर बोल्ट गाडी जमिनीवर टेकल्यावर, भरलेल्या गाडीतच आवळा, मी हवेत आवळले आणि नऊ मुलांना त्यावर वर्षभर फिरवलं. खाली माझं नाव लिहिलं. आईने तिचं लिहायला लावलं, "गारी माझी हाय" म्हणाली. बाबांनी आधी खाली बघितलं, मग वर, आणि एकच शब्द बदलला. "कृपया" काढून टाकला.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सकाळी दुसरीतल्या त्या मुलीचे वडील आले. पत्रक मी त्यांना आधी दिलं. वाचून ते आईकडे बघत म्हणाले, "हे तुम्ही मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं."

"नाय चाललं असतं," आई म्हणाली. "बसा पुढं."

गठ्ठे गाडीतच होते. आईने ते मुद्दाम ठेवले होते. आम्ही कोनच्या बाजूला, नव्या प्लॉटांमधल्या मोकळ्या रस्त्यावर गेलो. मी मागच्या सीटवर, गठ्ठ्यांमध्ये. पुढेमागे कोणी नव्हतं. आईने वेग धरला आणि हात उचलून मांडीवर ठेवले.

मी विजेचे खांब मोजू लागले. एक. दोन. तीन. चौथ्याला गाडी किंचित डावीकडे झुकली. आईने हात लावला, गाडी थांबवली.

मुलीच्या वडिलांनी काचेतून बाहेर बघितलं.

"गेली," आई म्हणाली. लपवायचा प्रयत्न तिने केला नाही. "आता तुमी उतरा आन् रस्ता बघा."

ते उतरले. मीही उतरले. रस्ता मध्ये उंच होता आणि दोन्ही कडांना उतरता, पाणी वाहून जावं म्हणून करतात तसा; डाव्या कडेने चाललेली कुठलीही गाडी त्या उतारावर डावीकडे सरकणारच. चाचांनी आईला हे बजावलं होतं, मला नाही. आम्ही परत बसलो. आईने गाडी वळवली, मोकळ्या रस्त्याच्या अगदी मधोमध घेतली आणि पुन्हा हात मांडीवर ठेवले.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सातव्या खांबापर्यंत स्टिअरिंग केसभरही हललं नाही. आठव्याला आईने स्वतःच हात लावला, कारण पुढे गतिरोधक होता.

"परत करू?" तिने विचारलं.

"नको," ते म्हणाले. पत्रक घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "उद्या सातला पाठवतो मग तिला."

"सात नाय. सहा पन्नासला खाली उभी पायजे. सातला मी पुढच्या दारात असते."